पत्रिकेवरची प्रेमकथा लिहिताना: चूक नेमकी कुठे ठेवायची?

प्रश्न थोडक्यात असा. मुलगी इंदूरच्या मराठी घरातली, आजोबा पत्रिका बघणारे. मुलगा मालवी कुटुंबातला, कॉलेजात सांख्यिकी शिकवणारा, ज्योतिषावर काडीचा विश्वास नसलेला. पत्रिका जुळत नाही म्हणून लग्न अडतं. दोन तासांच्या या पटकथेत शेवटी ज्योतिष खरं ठरवावं की खोटं, आणि जाणकार प्रेक्षक हसणार नाही असे तपशील कसे आणावेत?

पहिला भाग आधी निकालात काढू. ज्योतिष खरं की खोटं, हा वाद पटकथेच्या कण्यातून काढून टाका. पडद्यावर भाकीत खरं ठरतं ते लेखकाने तसं लिहिलं म्हणून, आणि खोटं ठरतं तेही त्याच कारणाने. प्रेक्षकाला हे कळतं. श्रद्धाळूला तुम्ही हरवू शकत नाही आणि नास्तिकाला पटवू शकत नाही. त्याऐवजी प्रश्न असा ठेवा: ज्या जन्मवेळेवर हे सगळं उभं आहे ती वेळ कुणी लिहिली, कशावरून लिहिली आणि तिच्यात किती मिनिटांची खोट आहे? या प्रश्नाला खरं उत्तर असतं, ते कागदावर सापडतं, आणि ते शोधायला दोघांनाही आजोबांच्या खोलीत बसावं लागतं. प्रेमकथेला एवढं पुरे.

दोष कोणता निवडायचा? मंगळ सोडून द्या. तो इतक्यांदा वापरून झालाय की पहिल्या वाक्यालाच प्रेक्षक पुढची चार दृश्यं सांगेल. शिवाय उज्जैनचं मंगळनाथ मंदिर तासा-दीड तासावर असल्यामुळे कथा आपोआप तिथल्या भातपूजेकडे, म्हणजे मंगळाच्या शांतीकडे घसरते. मंगळाचा उपयोग नायकाच्या एका संवादापुरता करा. १, ४, ७, ८ आणि १२ या स्थानांत मंगळ असला की पत्रिका मंगळाची, म्हणजे बारातली पाच घरं, शंभरात साधारण ४२ माणसं. ही घरं लग्नराशीपासून (जन्मवेळी पूर्वेला उगवणाऱ्या राशीपासून) मोजतात, तिच्याबरोबर चंद्राकडूनही पाहिलं तर आकडा ६६ च्या आसपास जातो. अपवाद लावायला मग घरोघर ज्योतिषी लागतो तो म्हणूनच. हा हिशेब त्याने फळ्यावर न मांडता पोहे-जलेबी खाता खाता सांगावा.

तुमच्या कथेला हवी ती एकनाड. प्रत्येक नक्षत्र आद्य, मध्य किंवा अंत्य यांपैकी एका नाडीत मोडतं, आणि दोघांची नाडी एकच निघाली की एकनाड. अष्टकूटात, म्हणजे पत्रिका जुळवायच्या आठ कसोट्यांत, वर्णाला १ गुण, वश्याला २, तारेला ३, योनीला ४, ग्रहमैत्रीला ५, गणाला ६, राशिकूटाला ७ आणि नाडीला ८, असे एकूण ३६. नाडी सर्वांत वजनदार आणि तिथे अधलंमधलं काही नाही: नाड्या वेगळ्या तर आठ, एक तर शून्य. म्हणूनच बाकी गुण भरपूर असूनही ‘पण एकनाड आहे हो’ या वाक्याने बैठक उठते. हे वाक्य मराठी घरांत खरोखर याच शब्दांत बोललं जातं, ‘नाडी दोष’ असं तुमच्या नायकाच्या घरी म्हणतील. हा फरक संवादात ठेवा.

आता नक्षत्रं. नायिकेचं जन्मनक्षत्र, म्हणजे जन्मवेळी चंद्र ज्या नक्षत्रात होता ते, मृग आणि आर्द्रा यांच्या सीमेवर ठेवा, नायकाचं हस्त. मृग मध्य नाडीचं, आर्द्रा आणि हस्त दोन्ही आद्य नाडीची. मृगाचा उत्तरार्ध आणि आर्द्रा दोन्ही मिथुन राशीत येतात, त्यामुळे सीमा कुठल्याही बाजूला ओलांडली तरी रास बदलत नाही आणि घोळ नाडीपुरता स्वच्छ राहतो. हस्त कन्या राशीत, आणि मिथुन आणि कन्या दोघींचा स्वामी बुध, म्हणून ग्रहमैत्रीचे पाच पक्के. राशी एकमेकींपासून चौथी-दहावी, म्हणून राशिकूटाचे सातही पक्के. मृग धरलं तर बेरीज ३२-३३ वर जाते. आर्द्रा धरलं तर २३ ते २५, कारण योनी आणि गणाचे तक्ते पंचांगागणिक थोडे सरकतात. जुळण्यासाठी लागणारी किमान १८ गुणांची मर्यादा दोन्हीकडे सहज ओलांडली जाते. म्हणजे ‘गुण जुळत नाहीत’ हा वाद इथे नाहीच, अडसर फक्त त्या आठाचा आहे. घरातली माणसं एकमेकांशी नीट भांडू शकतील असा अडसर हाच. एक मावशी म्हणेल चोवीस पुष्कळ झाले, दुसरी म्हणेल एकनाडीला चोवीस काय करायचेत.

नाडीचे अपवाद ज्योतिषी लगेच काढतील, म्हणून आधीच पाहून ठेवा. रास एक पण नक्षत्रं वेगळी, किंवा नक्षत्र एक पण चरण (नक्षत्राच्या चार भागांपैकी एक) वेगळे, असं असलं तर पुष्कळजण दोष सोडतात. इथे रास आणि नक्षत्र दोन्ही वेगळी आहेत, त्यामुळे नेहमीची पळवाट बंद आहे. ती बंद असल्याशिवाय मध्यंतरापर्यंत ताण टिकणार नाही. आणि कुणीतरी ‘एकनाड म्हणजे एकच रक्तगट’ म्हणणारच. त्याला वैद्यकीय आधार नाही. गरोदरपणात लक्ष द्यावं लागतं ते आई आरएच निगेटिव्ह आणि वडील आरएच पॉझिटिव्ह असले तर, आणि त्यावर अँटी-डी इंजेक्शन आहे. नायकाच्या घरातल्या एखाद्या नर्स आत्याच्या तोंडी हे एका ओळीत संपवा.

चूक कशी झाली हे दाखवणं हा पटकथेचा खरा सांधा आहे आणि बहुतेक लेखक इथेच ढिले पडतात. ‘संगणकात तारीख चुकली’ किंवा ‘दवाखान्यात बाळं बदलली’ असलं काही नको. आजोबा कसलेले आहेत, त्यांची चूक काळजीपूर्वक काम करणाऱ्या माणसाचीच असली पाहिजे. जुन्या पद्धतीत सूर्योदयापासून जन्मापर्यंतचा काळ घटी-पळांत काढतात, तो इष्टकाल. एक घटी २४ मिनिटांची, एक पळ २४ सेकंदांचं. पंचांगात नक्षत्र किती घटी-पळांपर्यंत आहे ते छापलेलं असतं, पण ते पंचांगकर्त्याने धरलेल्या गावच्या सूर्योदयापासून.

समजा जन्म ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी ९:४१ ला, इंदूरच्या प्रसूतिगृहात. त्या दिवसांत इंदूरला सूर्योदय ६:१९ च्या सुमारास, मुंबईला ६:३० च्या. इंदूर मुंबईच्या पूर्वेला साधारण तीन रेखांश आहे आणि एका रेखांशाला चार मिनिटं लागतात, फरक त्यातून येतो. आजोबांनी, स्थानिक सूर्योदयच घ्यायचा या कटाक्षाने, ६:१९ धरला. ९:४१ पर्यंत २०२ मिनिटं, म्हणजे इष्टकाल ८ घटी २५ पळं. पंचांगात मृग ८ घटी १० पळांपर्यंत. आठ-पंचवीस हे आठ-दहाच्या पुढे, सबब आर्द्रा. पण ते ८ घटी १० पळं मुंबईच्या ६:३० पासून मोजलेली आहेत, म्हणजे घड्याळात ९:४६. जन्म ९:४१ चा. मृग संपायला अजून पाच मिनिटं बाकी होती.

एका गावचा सूर्योदय घेऊन दुसऱ्या गावच्या सूर्योदयावरची संख्या वाचली, एवढंच घडलं. दोन्ही सूर्योदय मुंबईचे घेतले असते तरी उत्तर बरोबर आलं असतं. अर्धी काळजी घेतल्याने ते चुकलं. सूर्योदय वरच्या हिशेबातले खरे आहेत, मृग संपायची वेळ मात्र कथेसाठी धरलेली आहे. तुम्ही साल ठरवलंत की त्या वर्षीचं पंचांग उघडा, सकाळी मृग संपत असलेला दिवस शोधा आणि मिनिटं पुन्हा मांडा. चंद्र मिथुनेत आणि सूर्य कन्येत म्हणजे वद्य पक्षातली सप्तमी-अष्टमी येते. दुसरा दिवस घेतलात तर तिथी ताडून पाहा, नाहीतर संवादात पौर्णिमेचा चंद्र उगवेल आणि गणित सांगेल कृष्ण पक्ष.

पुरावा कुठे सापडावा? जन्मदाखल्यावर नको, त्यावर तारीख असते, वेळ नसते. वेळ मिळते दवाखान्याच्या डिस्चार्ज कार्डावर किंवा आजोबांच्या टिपणावर. उलगड्याचं दृश्य असं करा: बऱ्याच पंचांगांत घटी-पळांच्या रकान्याशेजारी घड्याळाची वेळही छापलेली असते. आजोबांच्या डोळ्यांना तो रकाना कधी दिसलाच नाही, कारण त्यांची नजर सवयीने घटींवर जाते. नायकाला घटी वाचताच येत नाहीत, म्हणून त्याचं बोट थेट घड्याळाच्या वेळेवर जातं. तिथे त्याची हुशारी दाखवू नका. अडाण्याचा फायदा झालाय एवढंच दिसू द्या.

इथे शंकेखोर नायकाला जिंकू द्यायचा मोह होईल. देऊ नका, आणि कारणही गणितातच आहे. डिस्चार्ज कार्डावरची ९:४१ ही वेळ तरी कुठून आली? प्रसूतिगृहाचं भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं मागे असलं की पुन्हा आर्द्रा. चंद्र मिनिटाला सुमारे अर्धी कला (अंशाचा साठावा भाग म्हणजे एक कला) सरकतो, पाच मिनिटांत तीन कलांनाही पोचत नाही, आणि त्याचं बिंब तीसएक कलांचं. ‘चंद्र स्वतःच्या दहाव्या हिश्शाइतकासुद्धा हलला नाही, आणि तुमचा होकार नकार झाला,’ हे वाक्य नायकाचं. त्यावर आजोबांचं उत्तर असायला हवं की नदी ओलांडलेली नसते किंवा ओलांडलेली असते, पावलाची लांबी कोण विचारतो. दोघंही आपापल्या जागी बरोबर वाटले पाहिजेत.

आणखी एक दार आहे, उघडायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मराठी घरांत चित्रा पक्षाची, म्हणजे राशिचक्राचा आरंभ चित्रा ताऱ्यावरून ठरवणारी पंचांगं सर्रास असली तरी काही घरं टिळक पंचांग पाळतात. त्याचा आरंभबिंदू रेवतीच्या ताऱ्यावरून, म्हणून अयनांशात, म्हणजे राशिचक्राच्या आरंभाच्या जागेत, जवळपास चार अंशांचा फरक पडतो. नायिकेचा चंद्र चार अंश पुढे गेला की ती निर्विवाद आर्द्रेची. पण नायकाचा चंद्र कन्येच्या २१ अंशांवर ठेवलात तर तोही २५ वर जातो, हस्त संपून चित्रा लागते, आणि चित्रेची नाडी मध्य. म्हणजे तिथेही एकनाड नाही, मात्र पूर्णपणे वेगळ्या कारणाने. एखाद्या टिळकपक्षी आत्येआजोबांना एकच दृश्य द्या, धमाल होईल. त्यापेक्षा जास्त दिलंत तर प्रेक्षक वही काढून बसेल.

नायकाच्या बाजूचा युक्तिवाद बहुतेक पटकथांत फार कच्चा असतो. ‘हे सगळं थोतांड आहे’ एवढंच तो ओरडत राहतो. सांख्यिकी शिकवणारा माणूस असं बोलत नाही, तो मोजतो. २७ नक्षत्रं तीन नाड्यांत नऊ-नऊ वाटलेली, म्हणजे वाटेल त्या दोघांना उभं केलं तरी दर तीन जोड्यांत एक एकनाड निघणार. आजोबांकडे जुळवलेल्या लग्नांची वही असेल, त्यात सुखी संसारांची नावं असतील. त्याने एवढंच विचारावं: ज्यांना तुम्ही नाही म्हणालात आणि तरी ज्यांनी लग्न केलं, त्यांची वही कुठे आहे? तसा रकानाच नाही. या प्रश्नावर आजोबांनी चिडू नये, गप्प बसावं, आणि दुसऱ्या दिवशी अशा जोड्या आठवून लिहायला लागावं. दुसऱ्या अंकाचा निम्मा प्रवास या वहीवर चालेल. जुन्या नकारांची घरं शोधत नायक-नायिका रामबागेपासून सुदामानगरपर्यंत फिरतील, कुठे भरलेला संसार दिसेल, कुठे मोडलेला, आणि दोघांनाही हवा तसा निष्कर्ष निघणार नाही. नायिकेच्या आईवडिलांचीच एकनाड निघाली, हा धक्का मात्र टाळा. तो सगळ्यांना सुचतो.

खऱ्या चाचण्यांचा उल्लेख हवा असेल तर एकच घ्या आणि नेमका घ्या. २००८ मध्ये पुण्यात जयंत नारळीकरांनी सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासोबत घेतलेल्या चाचणीत हुशार आणि मतिमंद मुलांच्या मिळून २०० पत्रिका होत्या. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिका पाहून मूल कुठल्या गटातलं ते सांगितलं. सरासरी ४६ टक्के बरोबर. नाणं उडवलं असतं तर ५० च्या आसपास आले असते. हे नायकाच्या तोंडी भाषण म्हणून आलं तर पडेल. नायिकेने वर्तमानपत्राचं कात्रण आजोबांच्याच कपाटात सापडलं म्हणून वाचून दाखवलं तर चालेल: आजोबांनी ते जपून ठेवलंय, समासात बारीक अक्षरात आक्षेप लिहिलेत. त्यांचा आक्षेप काय असेल तेही ठरवा. ‘बुद्धी पत्रिकेत अशी एकटी दिसत नाही, प्रश्नच चुकीचा विचारला’, हा तिकडचा नेहमीचा बचाव.

भाकितांची संख्या आवरा. पूर्ण चित्रपटात चार पुरेत. एक सपशेल चुकावं आणि त्यावर कुणी काही बोलू नये, कारण घरात तसंच होतं: चुकलेलं भाकीत विसरलं जातं. एक इतकं मोघम असावं की कशालाही लागू पडेल. एक खरं ठरावं, पण ऐकणाऱ्याने त्यानुसार वागल्यामुळे. चौथ्याला कारण देऊ नका. फक्त ते लग्नाशी संबंधित नसावं, नाहीतर पारडं झुकतं. योगायोगाचंही तसंच. नायक-नायिकेची भेट योगायोगाने झाली तर प्रेक्षक कुरकुरत नाही, पण शेवटचा पेच योगायोगाने सुटला तर ती नियती नसून लेखकाचा आळस असतो.

इंदूर का, हेही पटकथेत दिसायला हवं, नाहीतर हीच गोष्ट ठाण्यात घडवा. इथे दोन पंचांगं एका गल्लीत राहतात. मराठी घरात महिना अमावास्येला संपतो, मालवी घरात पौर्णिमेला. नायिकेचा जन्म आजोबांच्या टिपणात भाद्रपद वद्याचा, तर नायकाची आई तोच दिवस आश्विन कृष्णातला म्हणेल, आणि दोघी बरोबर. पितृपक्षातला जन्म यावर मात्र एकमत, आणि त्यावरून नायकाच्या आजीने एक पुटपुटलेलं वाक्य टाकायला हरकत नाही. वडाच्या पूजेचं दृश्य घेणार असाल तर मराठी सासुरवाशिणी ज्येष्ठ पौर्णिमेला वडाला सूत गुंडाळतात, शेजारच्या हिंदी घरातल्या बायका त्याआधीच्या अमावास्येला. त्याच वडाला पंधरा दिवसांपूर्वीचा विटलेला दोरा दिसला पाहिजे. कलादिग्दर्शकाला हे लेखी द्या, सेटवर कुणाच्या लक्षात राहणार नाही.

उज्जैनच्या वेधशाळेतलं दृश्य मी नक्की ठेवेन. इंदूरहून ५५ किलोमीटर, जयसिंगाने अठराव्या शतकात उभारलेली, आणि जुन्या भारतीय गणिताची मध्यरेषा उज्जैनवरूनच जाणारी. नायकाने मनगटावरचं घड्याळ आणि तिथल्या सम्राट यंत्राची, म्हणजे मोठ्या सूर्यघड्याळाची सावली ताडून पाहावी. ही सावली स्थानिक सौरवेळ दाखवते, भारतीय प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची, आणि उज्जैन त्याच्या पश्चिमेला. म्हणून यंत्र घड्याळाच्या मागे असतं, पण किती मागे ते महिन्यावर ठरतं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला जेमतेम १०-११ मिनिटं, फेब्रुवारीच्या मध्याला ४१ च्या घरात. कथा ऑक्टोबरात घडते म्हणून संवादात ‘सोळा मिनिटं’ लिहिलीत आणि चित्रीकरण फेब्रुवारीत झालं, तर क्लोजअपमध्ये आकडा उघडा पडेल. चित्रीकरणाची तारीख ठरेपर्यंत संवादात ती जागा मोकळी सोडा. पावसाळ्यात हे दृश्य ठेवूच नका, सावली मिळणार नाही.

घटी मोजायचं घटिकापात्र वापरायचं असेल तर तांब्याचं, तळाला बारीक भोक असलेलं, पाण्यात २४ मिनिटांत बुडणारं. भोक मोठं झालं की ते दहा मिनिटांत जातं, अक्षतेचा दाणा अडकला की बुडतच नाही. चालू पात्र मोजून तयार करून घ्या आणि पाणी गाळून भरा. भास्कराचार्यांची मुलगी लीलावती हिचा मोती घटिकापात्रात अडकून लग्नाचा मुहूर्त टळल्याची आख्यायिका इथे आठवणारच. ती भास्कराचार्यांच्या मूळ ‘लीलावती’ या ग्रंथात नाही, फैजीच्या १५८७ च्या फारसी भाषांतरातून पसरली. पटकथेत तिची पुनरावृत्ती केलीत तर ती सगळ्यांनी ओळखलेली असेल.

भाषेबद्दल एक सूचना. इंदूरची मराठी पुण्याची नाही. नायिका आजोबांना ‘अहो आजोबा, तुम्ही बसा’ म्हणेल, पण भावाशी बोलताना अर्ध्या वाक्यात हिंदीत जाईल, आणि सराफा बाजारात तर पूर्णच. ‘भिया’ (इंदुरी ‘भैया’) दर वाक्याला पेरू नका. तिथली माणसंही तसं बोलत नाहीत, बाहेरचे लेखक बोलायला लावतात.

शेवटाकडे. चूक उघडी पडल्यावर आजोबांनी डोळे पुसत होकार देऊ नये. हिशेब तपासून त्यांनी टिपणावर आर्द्रा खोडावं, मृग लिहावं, तारीख घालून सही करावी, आणि मग मुलाची जन्मवेळ मागावी: ‘आता त्याचीही तपासू.’ नायकाच्या आईला जन्म दिवेलागणीचा, यापलीकडे काही आठवत नाही. तांत्रिकदृष्ट्या इथे धोका नाही: २१ अंशांवरच्या चंद्राला हस्त सोडायला चार तासांहून जास्त लागतात, दिवेलागण अर्धा तास इकडेतिकडे झाली तरी नाडी बदलत नाही. आजोबांना हे माहीत आहे, नायकालाही आता गणित येतं, नायिकेला तर लहानपणापासून येतं. तिने या जागी काय करावं हे तुमच्या मसुद्यात अजून ठरलेलं नाही. माझ्या मते तिने आकडा सांगू नये. निर्णय मृग सापडायच्या आधीच झाला होता, हे तिने घरात सांगितलेलं दृश्य उलगड्याच्या किमान दहा पानं आधी हवं. ते नंतर आलं तर तिने लग्न केलं ते पाच मिनिटांच्या जोरावर, असाच अर्थ निघेल.

मसुदा झाला की पत्रिका बघणाऱ्या एकाला आणि अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या एकाला वेगवेगळा वाचायला द्या. प्रत्येकाला फक्त समोरच्या बाजूची पानं तपासायला सांगा: ज्योतिषाने नायकाचे संवाद, कार्यकर्त्याने आजोबांचे. कुठलं पात्र बाहुलं झालंय ते दोघंही ताबडतोब दाखवतील.